प्रोटीनच्या डब्यात

जालन्यात, बियाण्यांच्या दुकानावर
आमची जिम.
गिराम सरांनी पाच फुटांपासून छतापर्यंत
भिंतभर हिरवळ लावून घेतली,
फुटाच्या हिशेबानं. प्लास्टिकची.
वर पाटी : निसर्गाच्या सानिध्यात व्यायाम.
एक न कमी.

एमआयडीसीकडून येते ती बारीक, लोखंडी धूळ
पानापानावर बसते.
इंदूबाई ओलं फडकं घेऊन स्टुलावर चढतात.
"खोट्या पाल्याचीबी चाकरीच की," म्हणल्या,
"खऱ्याची केली असती तर वाढलं तरी असतं."

मग त्यांनीच आणलं.
प्रोटीन पावडरचा रिकामा डबा,
तळाला तापल्या सळईनं पाडलेली चार भोकं,
त्यात सर्पपर्णीचं एक तुटकं पान
उभं खोचलेलं,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखं.

पाणी?
नळाला आठव्या दिवशी येतं.
एसीच्या नळीखाली बादली ठेवली.
आमचाच दम, आमचाच घाम
गार होऊन थेंब थेंब
डब्यात.

मी बायकांच्या बॅचला, अकरा ते एक.
डावा खांदा वर्षभर गोठलेला.
भिंतीवरून बोटं चालवत न्यायची,
मुंगी चढते तशी.
जिथं अडेल तिथं रुबिना
पेन्सिलनं रेघ मारते, तारीख घालते.
चैत्रातली रेघ कानाच्याही खाली आहे.
वैशाखातली तिच्यावरच. जरा ठळक, एवढंच.

डब्यातही काही नाही.
"मेलंय ते," गिराम सर म्हणाले, "फेका."
इंदूबाईंनी फडकं पिळलं.
"खाली काम करायलंय ते.
तुम्ही त्या पट्ट्यावर तासभर चालता,
कुठं पोचता? तुम्हाला फेकलं का कुणी?"
ट्रेडमिलवरची लोहाडे वकिलीण
हसता हसता दांडी धरून उभी राहिली,
पट्टा तिच्याखालून पळत राहिला.

नंतर कधीतरी, तारीख कुणी घातली नाही,
डब्याची एक बाजू फुगलेली दिसली.
नेमकी चित्रातल्या माणसाच्या दंडापाशी.
मातीतून गुलाबीसर टोक,
आणि तेही पानापासून चार बोटं लांब,
जणू ओळख नाही.

आज रेघ मारायला
रुबिनानं प्लास्टिकचा पाला बाजूला धरला.
मागं भिंत होती, थंड,
चुन्याचा पोपडा आलेली.
माझं बोट तिथं टेकलं.
"धरा," ती म्हणाली, "दहा आकडे."
मी सातापर्यंत मोजलं.
नखात चुना आलाय.
अजून धुतला नाही.