उंदराच्या पायाला पाच बोटं

जुलैत कंदांचं कोठार म्हणजे नुसत्या उभ्या काठ्या
आणि दोरीच्या गाठी, रिकाम्या,
निघून गेलेल्या कंदांच्या
कमरेचं माप अजून धरून बसलेल्या.

आई अळकुड्या उकडायची.
अळकुडी बायकांची, कंद पुरुषांचा,
हे मला चालायला यायच्या आधी ठाऊक होतं.
अळकुडी घशाला खाजते, कंद खाजत नाही,
एवढाच फरक, आई म्हणायची,
आणि सालं केळीच्या बुंध्याशी फेकायची.

मी आठ वर्षांची. तिसऱ्या ओळीतला उंचवटा
हातांनीच उकरला.
मनगटाएवढा कंद निघाला, कोवळा, चिकट.
ओढ्याकाठी भाजला. तेल नाही, मीठ नाही.
अर्धा कच्चाच गिळला.
मग माती लोटली, वेल काठीला परत टेकवली,
उशी नीट करावी तशी,
कुणी उठून गेल्यावर.

गावात अजून कुणी नवं खाल्लं नव्हतं.
आधी न्जोकूनं खायचं, मग थोरल्यानं, मग बाकीच्यांनी.
मध्येच घुसणाऱ्याचं पोट फुगतं, असं होतं.
महिनाभर मी पोटावर हात ठेवून झोपले.

सणाच्या आदल्या रात्री उरलेसुरले जुने कंद संपवले,
भांडी राखेनं घासली, उखळसुद्धा.
सकाळी आन्यएग्बू आजोबांनी कोलाची बी फोडली,
गेलेल्यांची नावं घेतली,
त्यात नदीत बुडालेल्या भावाचं जरा हळू.
भाजलेला कंद चिरला, तांबड्या तेलात बुडवला.
एक तुकडा जमिनीला.
दुसरा हातात घेऊन थांबले.

"यंदा तिसऱ्या ओळीला उंदीर लागला," म्हणाले,
"पायाला पाच बोटं होती."
लोक हसले. मी आईच्या पाठीमागे.
"त्यानं खाल्लं त्यात काही वाईट असेल
तर ते माझ्या पोटात येवो.
थोरला आधी खातो तो कशासाठी?"
आणि खाल्लं.
दात चारच होते, वेळ लागला.
अख्खं गाव त्या जबड्याकडे बघत उभं.

तोवर मला वाटायचं, आधी खाणं म्हणजे मान.

आता थोरले ओक्वुओसा काका.
एनुगूच्या डॉक्टरनं कंद बंद केलाय, साखर आहे.
मुलगा म्हणाला, नुसता ओठाला लावा.
काका म्हणाले, ओठाला लावलेलं
एवढ्या माणसांना पुरेल का?
अंगठ्याएवढा तुकडा गिळला, पाणी मागितलं,
आणि आम्हाला हातानंच खूण केली: खा.

मग ढोल, पोरींची पळापळ,
तेलानं लाल झालेली नवी झबली.
मी ताटात कंदाशेजारी
एक उकडलेली अळकुडी वाढून घेतली.
घशाला खाजली.