उलटा बाण

डुलुथ. फेब्रुवारी. रात्रीचे अडीच.
मोटेलच्या काउंटरवर मार्लिस हॉगन
सात दंतवैद्यांना सहा खुर्च्यांवर बसवते आहे.
ग बसला तर ख बसणार नाही.
म उभा राहिला तरच प बसेल.

कायद्याच्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा शनिवारी.
वय चव्वेचाळीस. पेन्सिली चार,
एकीवर धाकट्याच्या दातांच्या खुणा.

आधी ती बाण भलतीकडेच फिरवायची.
पाऊस पडला तर रस्ता ओला,
म्हणून रस्ता ओला तर पाऊस.
"आणि रस्ता धुणारी गाडी?"
लायब्ररीतल्या क्लासचा म्हातारा ओयाला विचारायचा.
"बाण उलटवायचा तर दोन्ही टोकांना 'नाही' लाव.
रस्ता कोरडा, तर पाऊस नाही.
एवढंच खात्रीनं सांगता येतं, बाई.
बाकी नुसती आशा."

जर-तरच्या गोष्टी, म्हणतात लोक हात झटकून.
आत्याबाईला मिशा असत्या तर, वगैरे.
पण मार्लिसला जर-तर आवडायला लागलं होतं.
तिथे कुणी आवाज चढवत नाही.
ख उठून जातो तो नियमानं जातो,
आणि का गेला, ते पानावर लिहिलेलं असतं.

कोऱ्या समासात तिनं सहज लिहिलं:
सरोवर गोठलं, तर बोटी बंद.
बोटी बंद, तर ड्वेन घरी.
एकोणीस हिवाळे हेच चालत आलेलं.
मग उलटा बाण:
ड्वेन घरी नाही,
तर बोटी बंद नाहीत,
तर सरोवर गोठलेलं नाही.

तिनं काचेवरची वाफ कोपरानं पुसली.
बर्फावर कुणाचा तरी पिकअप उभा,
मासे धरणाऱ्यांच्या खोपटांत कंदील,
आणि धक्क्याला लोखंडाच्या मातीच्या बोटी
दावणीच्या गुरांसारख्या, अंगाला अंग लावून.

पायऱ्या सगळ्या बरोबर होत्या.
दोनदा तपासल्या.
म्हणजे दुसरी ओळ.
तो नियम नव्हताच.
स्वयंपाकघरात बूट काढता काढता
कुणीतरी बोललेलं एक वाक्य,
बाण तिनंच काढला होता.

रबर शोधलं. मग राहू दिलं.
चार नंबरमधून फोन: गरम पाणी येत नाही.
गरम पाणी नाही, तर बॉयलर बंद…
थांब. दुसरंही काही असू शकतं.
टॉर्च घेऊन ती तळघरात उतरली.
सातवा दंतवैद्य अजून उभाच होता.