च्च

कंप्युटरच्या भोकात हेडफोन खुपसला
की आधी ऐकू यायचा तो कंप्युटरच.
माउस हलवला की किरकिर,
चार्जर लावला की जाड घरघर,
पिठाच्या गिरणीला टेकून बसल्यासारखी.

खय्यूमभाई म्हणाले, आवाज त्याच्या पोटातून बाहेर काढा.
काडेपेटीएवढा डॅक दिला,
आणि बिस्किटाच्या डब्यात
स्वतः डाग देऊन बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर.
घरी किंमत निम्मीच सांगितली.

रात्री साडेअकराला परभणी निजलेली.
लावलं अठ्ठ्याण्णव सालचं
गणेश मंडळातलं माझं तबलावादन,
कॅसेटवरून उतरवलेलं.

घरघर गेली.
सतरंजीवर कुणीतरी सरकून बसलं.
कपबशी. बाहेर सायकलची घंटी.
लेहऱ्याच्या पेटीचा भाता दम खातो तेसुद्धा.
आणि डाव्या कानाशी, हातभर अंतरावर,
गुंडेराव सर, नाकानं श्वास घेत.

सर गेले तेव्हा सगळे म्हणाले,
तुझ्यावर लई जीव होता त्यांचा.

तिहाई संपते.
टाळ्या पडायच्या आत, बारीकशा फटीत:
च्च.

मागं नेलं. अ‍ॅम्पचं बटण जरा पिळलं.
च्च.

मग बोटांवर मोजत बसलो, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा.
पाव मात्रा
आधीच आलो होतो समेवर.