हनुवटीची जागा

खणात चार हनुवटी-टेकू आहेत, आबनुसाचे,
प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं वर्ष.
हेल्वेचे. दोन-तीन वर्षांनी यायची व्हियोला घेऊन,
म्हणायची, आर्वेद, हा जरा डावीकडे सरकव.
मी सरकवायचो. नाहीच जमलं तर नवा कोरायचो.
मला वाटायचं, वाद्य फिरतंय.
लाकूड फिरतं; टार्टूच्या हिवाळ्यात तर हटकून.

मुलगी नाकासमोर चालणारी.
हनुवटीनं तेवढी वेगळी वाट धरली.
ऑर्केस्ट्रात कुणी म्हणालं,
ही आमच्याकडे बघून तोंड वाकडं करते.
टालिनच्या विमानतळावर यंत्रानं
तिला दोनदा ओळख नाकारली.
उजव्या दाढा एकमेकींना भेटेनाशा झाल्या,
काळ्या पावाची कड ती डावीकडून चावायची,
हळू, मान खाली घालून.

उजव्या कानापुढे, सांध्याच्या डोक्यावर
हाडावरच वाढलेलं हाड, हेझलनटाहून मोठं.
साधी गाठ, डॉक्टर राउडसेप म्हणाल्या. जीव नाही घेत.
चेहरा घेते तिला काय म्हणतात,
मी विचारलं नाही. मी टेकू बसवणारा.
पण बाईंनी मलाच बोलावलं होतं.
चारही टेकू टेबलावर मांडले, मोजपट्टी लावली,
आणि गाठ कधीपासून, किती वेगानं वाढतेय
ते माझ्या पेन्सिलीवरून काढलं.

फळीत गाठ आली की मी कडेकडेनं रंधा मारतो,
काढली तर भोक राहतं.
आम्ही काढतो, त्या म्हणाल्या,
खालचं हाड घासून गोल करतो,
मधली चकती परत वर बसवतो, टोपीसारखी.
किती मिलिमीटर?
त्यांनी आकडा सांगितला.
तेवढ्यापुरते आम्ही एका धंद्यातले.

मेमध्ये ऑपरेशन, पाच तास.
मग दात रबरांनी बांधलेले, सूप,
आणि वहीत लिहिलेल्या शिव्या, शुद्धलेखनासकट अचूक.
उजवी भुवई ऑगस्टपर्यंत झोपून राहिली.

सप्टेंबरात आली. कानापुढे एक रेघ,
केस बांधले तरच दिसणारी. तिनं बांधले होते.
सगळ्यात जुना टेकू लाव, म्हणाली.
लावला. बसेना.
हनुवटी जागेवर आलीय,
मानेला मात्र अकरा वर्षांची सवय.
दोघं बराच वेळ त्या वाद्याकडे बघत बसलो.

पाचवा कोरायला घेतलाय.
शुक्रवारी तालीम आहे तिची,
आणि बुचाची पट्टी नेमकी संपलीय.