आकसाची पट्टी

गडहिंग्लजला, काजूच्या गोदामात
ती अकरा वर्षं पोत्यांखाली होती.
दोन सीटा, छत नाही, अंग फायबरचं,
गोव्यात घडलेली, कधीकाळी लाल.
मालक म्हणाला, गंज दाखवा कुठं ते.
खरंच होतं. फायबर गंजत नाही.
खालची चॅसी मात्र
बोटानं मोडली, पापडासारखी.

चाळीस हजार. टेम्पोचे वेगळे.

फुलेवाडीतल्या आमच्या शेडमध्ये
लुना, शेगडी, आईच्या लोणच्याच्या बरण्या
एका भिंतीला सरकवल्या.
तरी नाक आत आणि शेपूट गल्लीत.

समशेर मुजावरनं दोन महिने वेल्डिंग केलं,
पैशाचं नाव काढलं की पाना फेकून मारायचा.
मूळ इंजिन फ्रेंच.
त्याचा पिस्टन मागितला की
दुकानदार आधी चहा सांगायचा,
मग आपली विचारपूस करायचा.
शेवटी शिरोलीच्या भंगारातनं एस्टीमचं इंजिन उचललं.
गिअरबॉक्स जुनाच.
दोघांची भोकं जुळेनात.

मधे एक तबकडी हवी, बोटभर जाड, अॅल्युमिनियमची.
ती ओतायची तर आधी लाकडाचा पॅटर्न,
आणि पॅटर्न म्हणजे आण्णा.

चव्वेचाळीस वर्षं त्यांनी सागात लोखंड बघितलं.
पंपाची घरं, ब्रेकड्रम, चरकाचे दाते,
उद्यमनगरात वाळूत उमटलेलं निम्मं तरी त्यांच्या हातचं.
मोतीबिंदूनंतर रंधा पोत्यात बांधून ठेवला होता.
इंजिन त्यांनी बघितलं नाही.
कडेनं हात फिरवला,
एकेका भोकात करंगळी घातली.
"कधी पाहिजे?"

त्यांच्याकडं एक पितळी पट्टी आहे.
तिचा इंच इंचाहून जरासा मोठा.
ओतलेला धातू निवताना आकसतो,
तेवढं आधीच धरून मोजायचं.
एकदा मी ती शाळेत नेली.
माझे सगळे त्रिकोण मोठे आले.
गुरुजींनी मारलंही त्याच पट्टीनं,
म्हणजे जास्तीचं धरून.

सोळा दिवस लोणच्याच्या बरण्यांवर सागाचा भुसा.
आई झाकणं पुसायची, बोलायची नाही.
मंगळवारी मगदुमांच्या फाउंड्रीत ओतलं.
बुधवारी लावून बघितलं.
कमी.

पट्टी बीडाची.
अॅल्युमिनियम जास्त आकसतं,
हे मला आण्णांनीच सांगितलं होतं,
सातवीत असताना, अंगणात, खडूनं लिहून.

समशेरनं शेडचं दार लोटून घेतलं.
रात्री अकरा ते तीन
कानशीनं भोकं लांबट करत बसलो,
रेडिओ मोठा लावून.
घरात दिवा लागला, विझला.

सोमवार, उद्यमनगर बंद,
म्हणून गल्लीत नऊ फिटर आणि अकरा सल्ले.
चावी फिरवली. खोकली.
कुणीतरी म्हणालं, चोक ओढ.
कुणीतरी म्हणालं, ह्याला चोक नसतो गड्या.
मग एकदम धरलं.
बरण्या एकमेकींवर वाजायला लागल्या.

आण्णा वाकले.
गिअरबॉक्सवर तळवा ठेवला आणि काढला नाही.
"मिलिमीटरभर?"
"सव्वा."
"पट्टी चुकली."
"चालू आहे गाडी, आण्णा."
"ते ऐकू येतंय मला."

बसा म्हटलं तर म्हणाले,
एवढं खाली बसायला पंगत आहे काय?

हँडब्रेकच्या भरवशावर
मी आणि समशेर केर्लीपर्यंत जाऊन आलो.
वाटेत एका उसाच्या ट्रॉलीनं आम्हाला मागं टाकलं.
आलो तेव्हा शेडमध्ये कुणी नव्हतं.
बाकावर पट्टी, पालथी.
तिच्या पाठीवर खिळ्यानं ताजं कोरलेलं,
अक्षर वाकडं, खोल :
फक्त बीडासाठी.

बाजूला रंधा होता,
पोत्याशिवाय.