खारतळ्याचा बोर्ड

चार बाय सहाचा पत्रा, पिवळ्यावर काळं,
अक्षरामागे तीन रुपये, काना-मात्रा फुकट.
सरपंच पाष्टेबाईंनी वहीचं पान फाडून दिलं:
'इतिहास आणि निसर्गसौंदर्य.
चौदा ओळींत बसवा. वर सुस्वागतम.'

प्रायमर मारला, दोरी धरून रेघा आखल्या
आणि पहिल्याच ओळीला अडलो.
नदीचं नाव काय लिहू?
नकाशात एक आहे, ते गावात कुणी घेत नाही.
वर गुरववाडीत ती पऱ्या,
देवळामागे कोंड,
मधे, जिथे पाणी गोड की खारट ते तिथीवर ठरतं,
तिथे नुसती 'ती',
आणि भंडारवाड्याखाली खाडी.
चार नावांचे पैसे कोण देणार?

इतिहास: 'हे पूर्वी मोठे बंदर होते.'
दहा अक्षरं.
तीस रुपयांत अख्खं बंदर बुडालं.
त्यात मचव्यातून उतरलेली मंगळुरी कौलं नाहीत,
परतीची हिरड्याची पोती नाहीत,
जकातचौकीवरचा कारकून नाही,
जो म्हणे अंगठा घेण्याआधी
माणसाचा तळहात हुंगायचा.
इमामुद्दीन सारंगांच्या आजोबांनी सुकाणू सोडलं
त्या साली गाळ गुडघ्याला होता.
आता त्यावर तिवरं, माणसाहून उंच.
त्यांच्या मुळांत एका मचव्याचा नांगर सापडला;
सारंगांची म्हैस बांधतात त्याला,
हलत नाही.

निसर्गसौंदर्य: 'कातळशिल्पे, कांदळवन, पक्षी.'
सड्यावरची ती चित्रं आम्ही पोरांनी
चालून चालून झिजवली.
हत्तीच्या पोटात गोट्या खेळलो.
मोठ्या माशाच्या डोळ्यात पाणी साठे,
गुरं त्यात तोंड घालत.
मग शहरातली माणसं आली, झाडू मारला,
चुन्याची रेघ ओढली,
आम्हाला म्हणाली, चपला काढा.
काढल्या. पाय भाजले.
तेव्हा पटलं, जुनं असणार.

श्रावणात तिथेच सीतेची आसवं,
जांभळी, करंगळीच्या नखाएवढी.
राहतात पंधरा दिवस.
बोर्ड बारा महिने.

वावळ्याच्या शेंड्यावर काकणाचं घरटं आहे,
त्यात दरवर्षी एक तरी काडी माझ्या कुंपणाची.
पाष्टेबाई म्हणाल्या, 'काकण कुणाला कळणार?
समुद्रगरुड लिहा.'
लिहिला.
पाच अक्षरांचा पक्षी, तो वर बसूनच होता,
आपल्याला काय म्हणतात त्याची पर्वा न करता.

दुपारी रंग वाळेपर्यंत खाली गेलो.
चंद्राक्का खारवी कमरेएवढ्या पाण्यात
पायाच्या अंगठ्याने मुळे चाचपत होती.
विचारलं, आक्का, गावात बघण्यासारखं काय गं?
'आज काय रे?'
षष्ठी.
'मग तिथीची पाऊणपट कर.
साडेचारला पाणी भरेल. त्याच्या आधी ये नि बघ.
मागाहून आलास तर
सगळं आहेच, पण खाली.'
हे चौदा ओळींत कुठे घालू?

तेरा भरल्या. चौदावीला
माझ्या मनाने एक बाण काढला, नदीच्या अंगाला,
आणि पुढे लिहिलं: तर.
तिथे माझा बाप होडी हाकायचा.
पूल झाला त्या दिवशी शेवटची खेप
रिकामीच नेऊन आणली,
वल्ही माडाला टेकवली
आणि घरी येऊन पायाचा चिखल
बराच वेळ धूत बसला.

संध्याकाळी पाष्टेबाई तपासायला आल्या.
बोट फिरवत वाचत गेल्या, खाली थांबल्या.
'तर?... तर पुढे काय?'
पुढे काही नाही. तर म्हणजे तर. होडीची.
'पण ती आता नाही ना.'
नाही.

त्यांचं माहेर पलीकडच्या तीरावरचं.
बाणाच्या टोकाकडे बघत राहिल्या,
तिकडे पाणी उतरायला लागलं होतं.
मग पर्स उघडली.
'असू दे. दोन अक्षरं, सहा रुपये.
आणि बाणाचे?'

बाणाचे मी घेत नाही.