लाइन ओके

धंतोलीत, लिफ्टशेजारच्या बाकावर,
मांडीवर तिसरी फाइल.
डावी चप्पल मागे कुठेतरी राहिली
आणि पायाला पत्ताच नाही.
एक पोरगी उचलून घेऊन आली,
"काका, ही तुमची ना?"

तळव्यात मुंग्या. मग आग. मग काहीच नाही.
मग मध्येच पोटरीत कोणीतरी
एक रिंग देतं
आणि ठेवून देतं.

आत त्यांनी पायाला पट्ट्या लावून करंट सोडला.
अंगठा उडाला. पडद्यावर हिरवी रेघ उठली, बसली.
टेक्निशियन पोरगा म्हणाला, वेग मस्त आहे.
मला ओळखीचंच होतं सगळं:
एका टोकाला द्यायचं, दुसऱ्या टोकाला मोजायचं,
मधल्या अंधाराबद्दल आकड्यांवरून बोलायचं.
चौतीस वर्षं मी तेच केलं,
टेलिफोन खात्यात, केबल जॉइंटर,
सीताबर्डीपासून त्रिमूर्तीनगरच्या शेवटच्या डबीपर्यंत.

बी-ट्वेल्व्ह बरं. साखर बरी. थायरॉइड बरा.
मणक्याचा एमआरआय वयाच्या मानानं चांगला.
डॉक्टर ढोक म्हणाले, "काही सापडत नाही."
म्हणजे काही नाही का?
"सापडत नाही," ते पुन्हा म्हणाले.
"सहा महिन्यांनी बघू."
प्रामाणिक माणूस. राग तरी कुणावर काढायचा?

पुष्पलतानं रिपोर्ट वाचून देवापुढे साखर ठेवली.
"चांगला आला ना, मग तोंड काऊन असं पाडून बसले?"
काय सांगू तिला,
की आजाराचं नुसतं नाव कळलं असतं
तरी ते खिशात घालून हिंडलो असतो, पेनासारखं.
शेजारचे नत्थूजी म्हणतात,
"टेन्शन घेऊन राहिले तुम्ही.
रिटायर माणसाले दुसरं काय असते?"

मे महिना. रात्रीचा कूलर घरघरतो,
पंप अडकतो, सुटतो.
पायाला चादरसुद्धा सोसत नाही.

आणि मुळमुले बाई आठवतात.
लक्ष्मीनगर, सत्त्याण्णव साल.
"लाइनीत खरखर येते हो.
मुलगा भिलाईहून बोलतो
आणि अर्धं वाक्य तिकडेच राहतं."
नऊ वेळा गेलो. नऊ वेळा मीटर लावला.
नऊ वेळा कार्डावर लिहिलं:
लाइन ओके. दोष आढळला नाही.
आणि टपरीवर जोडीदाराला म्हणालो,
बाईला एकटीला करमत नाही, दुसरं काय.

दहाव्यांदा मीटर पिशवीतच राहिला.
काही ठरवून नव्हे. ऊन फार होतं,
बाईंनी पन्हं दिलं होतं.
रिसीव्हर कानाला लावून नुसता बसलो.
दहा मिनिटं. वीस.
मग ती आली.
वाळलेल्या पळसपानांवरून
कोणी जपून चालत जावं, तशी.
मी बाईंकडे पाहिलं.
त्या काही बोलल्या नाहीत,
उठून टेबलफॅन माझ्याकडे वळवला फक्त.

दोष त्या दिवशीही सापडला नाही.
कार्डावर लिहिलं: खरखर आहे. ऐकली.
साहेब चिडले. असा रकानाच नसतो, म्हणाले.

आता फाइलमागे शंभर पानी वही ठेवली आहे.
सोमवार, पहाटे तीन चाळीस. डावी टाच. बर्फ.
मंगळवार, बँकेच्या रांगेत. दोन्ही तळवे. आग.
गुरुवार, तर्री-पोहे खाताना. काही नाही.
बराच वेळ काही नाही.

काल रात्री पुष्पलता उठून बसली.
वही वाचली होती तिनं, बहुतेक.
माझ्या तळव्यावर हात ठेवला,
दाबला नाही, चोळला नाही, नुसता ठेवला.
"आता होतंय?"
"थांब," म्हणालो.
ती थांबली.
मग हात तसाच ठेवून
दुसऱ्या हातानं
तिनं कूलर बंद केला.